मी चोरलेली दहा मिनिटे

मी एक जुने हजेरीचे घड्याळ आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखे घड्याळ पाहिले नसेल. भिंतीवरचे साधे घड्याळ नुसती वेळ दाखवते, मी ती छापत असे. माझ्या पोटाला एक फट आहे. कामगाराने आपले कार्ड त्या फटीत घालायचे, बाजूचा दांडा खाली दाबायचा, की ‘खट्ट’ असा आवाज होऊन कार्डावर जांभळ्या शाईत वेळ उमटायची. आता मी एका अडगळीच्या खोलीत, फाटक्या चादरींच्या गठ्ठ्याखाली पडून आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचे वाटते.

मला ज्या कारागिराने जोडले, त्याने मला सात दिवस टेबलावर चालवून पाहिले. सात दिवसांत पाव मिनिटाचाही फरक पडला नाही. मग त्याने माझ्या पाठीचे झाकण बंद केले, किल्ली दोऱ्यात ओवली आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते एका धुलाईच्या कारखान्यात.

तिथे इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुवायला येत. मोठाली यंत्रे दिवसभर घुसळत असत. पलीकडे इस्त्रीचा तापलेला रोलर होता. ओली चादर एका बाजूने आत सरकवली की दुसऱ्या बाजूने ती पापडासारखी कडक होऊन बाहेर येई. शेवटी घड्या घालायची लांब टेबले होती. वाफेने भिंती सदा घामेजलेल्या असत. कामाला बहुतेक बायकाच होत्या. जुन्या मालकांनी मला दाराशी स्वतःच्या हाताने टांगले आणि सगळ्यांना सांगितले, की आता कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, घड्याळ सांगेल ते खरे. बायकांनाही ते पटले. येता-जाता कुणी पदराने माझी काच पुसायची. मित्रांनो, मी तेव्हा फार सुखात होतो. माझ्या शाईवर घरोघरच्या चुली पेटत होत्या.

माझ्या खाली एक बाक होता. जेवणाच्या सुट्टीत त्यावर घडीच्या टेबलावरच्या मावशी बसत. त्यांना सगळे मावशीच म्हणत. मालकही. नवी मुलगी कामाला लागली आणि तिच्या हातात पहिली पगाराची चिठ्ठी पडली, की मावशी तिला हाक मारून शेजारी बसवत आणि चिठ्ठी स्वतःच्या गुडघ्यावर पसरत. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायला लावत. हा मूळ पगार. हे भरलेले दिवस. हे जादा तास, त्यांचा दर वेगळा असतो, तो लावलाय का बघ. ही कपात. कपात म्हणजे काही पाप नव्हे, पण कापलेले कुठे जाते ते विचारायचे. आणि चिठ्ठी फेकायची नाही, डब्याला पुसायला घ्यायची नाही. घरी एक वही करायची, त्यात आपल्या आल्या-गेल्याची वेळ आपण लिहायची. मुली हसत. मावशी म्हणत, हसा, लग्नाची पत्रिका जपून ठेवता, ही का नाही?

एके दिवशी एक मुलगी आली. अशी बारीक, की पहिल्याच दिवशी बायकांनी तिचे नाव ‘काडी’ ठेवले. वडिलांच्या फुप्फुसात दोष, ते घरीच. पाठची बहीण शाळेत. काडीची ती आयुष्यातली पहिली नोकरी. पहिली चिठ्ठी मिळाली तेव्हा तिने आकडे पाहिलेच नाहीत. चिठ्ठीवर छापलेले स्वतःचे पूर्ण नाव ती बराच वेळ वाचत राहिली. मावशींनी तिला बाकावर घेतले. ती लक्ष देऊन शिकली, आणि बाकीच्या मुलींनी जे कधी केले नव्हते ते तिने केले. तिने खरोखर वही केली.

दोन वर्षांनी जुने मालक अंथरुणाला खिळले आणि त्यांचा मुलगा कारभार पाहू लागला. त्याने दाराशी सूचना लावली. पाच मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला, तर अर्ध्या तासाचा पगार कापला जाईल. सूचनेत वावगे काही नव्हते. पण त्याच संध्याकाळी त्याने माझी किल्ली कारकुनाच्या हाती दिली आणि त्याला दार लावून काही सांगितले.

दुसऱ्या दिवशी कारकून सर्वांच्या आधी आला. त्याने माझे झाकण उघडले आणि काटा दहा मिनिटे पुढे सारला. बायका वेळेवर आल्या आणि माझ्या लेखी उशिरा ठरल्या. दुपारी सगळ्या जेवायला बसल्या असताना त्याने मला पुसायचे निमित्त केले आणि काटा वीस मिनिटे मागे ओढला. म्हणजे संध्याकाळी सुटायची वेळ झाली तरी माझ्यात दहा मिनिटे बाकी. बायका ती दहा मिनिटे फुकट राबल्या. मग हे रोजचेच झाले. कारकून वाईट माणूस नव्हता. काटा सरकवण्याआधी तो दोनदा दाराकडे बघे. पण सरकवी मात्र रोज.

तेव्हा आजच्यासारखे प्रत्येकाच्या हातात फोन नव्हते. रोलरमध्ये अडकू नये म्हणून मनगटावर काही घालायची बंदी होती. बायका चिठ्ठीवरची ‘उशीर’ ही ओळ बघून चुकचुकत आणि घरून आणखी लवकर निघत. मला वाटे, आपण बंद पडावे. पण मला फार चांगले बनवले होते. मी बंद पडलो नाही.

काडीच्या मात्र ते ध्यानात आले. समोरच्या गिरणीचा भोंगा बरोबर आठला वाजे. एका सकाळी तिने दांडा दाबला त्याच क्षणी भोंगा वाजला, आणि कार्डावर उमटले आठ वाजून दहा मिनिटे. दुसऱ्या दिवशी तेच. तिने इतर बायकांना सांगितले. त्या म्हणाल्या, भोंगाच उशिरा वाजत असेल, घड्याळ कसे चुकेल? त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता.

काडीने सत्तेचाळीस दिवस वहीत लिहून ठेवले. मावशींनी वही वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग दोघींनी मिळून कामगार कार्यालयात अर्ज केला. पाच जणींनी त्यावर सह्या केल्या.

महिन्याभराने तिथले साहेब आले. ते येणार हे छोट्या मालकाला आधीच कळले होते, कसे ते मला माहीत नाही. त्या सकाळी कारकुनाने मला बरोबर वेळेवर लावले आणि पुन्हा हात लावला नाही. साहेबांनी आत चहा घेतला, मग माझ्यासमोर उभे राहून आपल्या मनगटाकडे पाहिले. सेकंदाचा फरक नव्हता.

“साहेब, आज बरोबर आहे. काल नव्हतं,” काडी म्हणाली.

“बाई, घड्याळ एका रात्रीत सुधारतं का?” साहेबांनी विचारले.

तिने वही पुढे केली. छोट्या मालकाने शेजारी कार्डांचा गठ्ठा ठेवला. साहेबांनी दोन्ही चाळले. वहीतले अक्षर पेन्सिलीचे होते, काही पानांवर पाण्याचे डाग होते. कार्डांवर माझी जांभळी शाई होती, स्वच्छ आणि सरळ. साहेब काही दुष्टपणाने बोलले नाहीत. ते म्हणाले, “वही काय, कुणीही लिहील. हे छापलेलं आहे.” मग त्यांनी सही केलेल्या इतर तिघींना विचारले. एकीने चादरीचा काठ चाचपला. दुसरीने सांगितले, की आपण सही कशावर करतोय ते तिला कळले नव्हते. तिसरी मागच्या बायकांत जाऊन उभी राहिली. माझ्याभोवती चाळीस बायका उभ्या होत्या. कारकून खिशात हात घालून आपल्या चपलांकडे पाहत होता. त्या खिशात माझी किल्ली होती.

साहेब गेल्यावर छोटा मालक मोठ्याने हसला. “काडी कुणी लावली ते कळलं,” तो म्हणाला. कुणी हसले नाही.

आठवड्यात मावशींच्या हाती एक कागद आला. घरगुती अडचणीमुळे मी नोकरी सोडत आहे, असे त्यावर टाइप केलेले होते आणि खाली त्यांची स्वतःची सही होती. सोळा वर्षांपूर्वी, कामावर लागल्या त्या दिवशी, त्यांनी कोऱ्या कागदावर ती केली होती. तेव्हा त्यांना शेजारी बसवून सांगणारे कुणी नव्हते.

पंधरा दिवसांनी मावशी आपली राहिलेली चप्पल न्यायला आल्या. जेवणाची सुट्टी होती. त्या बाकावर टेकल्या. काडी शेजारी बसली. म्हातारपणासाठी दर महिन्याला पगारातून जो निधी कापला जात होता, तो काढायला त्या गेल्या होत्या. खिडकीतल्या माणसाने शोध शोध शोधले. सुरुवातीची काही वर्षे पैसे भरलेले होते. पुढे एक छदामही नव्हता.

“मावशी, तुम्हीच सांगायच्या की, कापलेलं कुठे जातं ते विचारा,” काडी हळूच म्हणाली.

“सांगायचे गं,” मावशी म्हणाल्या. “पण विचारायला जायचं म्हणजे एक दिवस बुडतो. म्हटलं, पुढच्या महिन्यात जाईन.”

त्यांनी चप्पल पिशवीत घातली आणि त्या गेल्या. मी त्यांना पुन्हा पाहिले नाही.

काडीला काढले नाही. तिला रोलरवर टाकले. तिथे उभे राहून चार महिन्यांत तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे पट्टे उठले. वडिलांचे औषध वाढले होते. एक दिवस तिला आत बोलावून, तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही मागितली. तिने ती केली. बाहेर आल्यावर तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. नुसते पाहिले, जसे कुणी भिंतीकडे पाहते. त्या महिन्यापासून पगाराची चिठ्ठी मिळाली की काडी न वाचताच तिची घडी घालायची, मग आणखी एक घडी, आणि कमरेला खोचायची. वहीचे काय झाले ते मला ठाऊक नाही.

वर्षभराने एक नवी मुलगी लागली. पहिला पगार झाला. सुट्टीत ती चिठ्ठी घेऊन बाकापाशी आली. तिथे काडी डबा खात होती.

“ताई, हे उशीर म्हणजे काय? मी तर रोज आधी येते.”

काडीने चिठ्ठी हातात घेतली. तिचे बोट त्या ओळीवर गेले. मला वाटले, ती आता तिला शेजारी बसवील. आयुष्यात मला दुसरे काही इतके हवेसे वाटले नव्हते.

“असतं तसं,” काडी म्हणाली. तिने चिठ्ठी परत दिली. “पगाराच्या वहीवर सही कर आणि चल आत. रोलर तापलाय.”

त्यानंतर मी आणखी सहा वर्षे चाललो. बाकावर पुन्हा कुणी चिठ्ठी पसरली नाही. मग दाराशी अंगठ्याचे यंत्र आले आणि मला इथे आणून टाकले. त्या यंत्रावर बायका अंगठा ठेवतात, ते हिरवे होते आणि त्या आत जातात. त्याला किल्लीचे भोक दिसत नाही. तरी ते कुणीतरी बसवले आहेच.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हातारी वस्तू म्हणते, की मला जपा. मी ते मागणार नाही. मला भंगारात घाला. पण तुमच्यातले जे उद्या पहिल्यांदा कामाला जातील, त्यांनी पगाराची चिठ्ठी घरी नेऊन सावकाश वाचावी. जे कळणार नाही ते त्याच महिन्यात विचारावे, पुढच्या महिन्यावर टाकू नये. कोऱ्या कागदावर सही करू नये, मालक कितीही गोड बोलला तरी. आपली वेळ आपल्या वहीत लिहावी. आणि एकट्याने विचारायला जाऊ नये.

एवढ्याने सगळे ठीक होईल असे मी म्हणत नाही. काडीने यातले सगळे केले होते. तरीही कधी तुमच्यासमोर एखादी बारीक मुलगी वही घेऊन उभी राहिली, आणि ती खरे बोलते आहे हे तुम्हाला ठाऊक असले, तर जमिनीकडे पाहू नका. दोन पावले चालून तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. मला भिंतीवरून हलता येत नव्हते.