बिडीनं कोंडलेले प्रेक्षक

कूराबिन गावावर एकदा माहितीपट निघाला, मेलबर्नच्या एका महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर कुठे गडप झाला कुणास ठाऊक. ज्या गावावर काढला त्या गावानंच तो पाहिलेला नव्हता. शेवटी तो काढणारी फिलिपा स्वतःच प्रोजेक्टर घेऊन आली. रविवारी दुपारी सगळं गाव लोकर कातरायच्या शेडमध्ये लोटलं. खिडक्यांना पोती टांगली, बसायला लोकरीचे गठ्ठे होते, बायकांनी लॅमिंग्टन केक आणले. कुत्री तर माणसांच्या आधी हजर.

नॅरेल मॅडर्न मात्र जड मनानं आली होती. पडद्यावरचा मेंढपाळ म्हणजे तिचे वडील, क्लॅरी. ते गेल्या हिवाळ्यात वारले. मागे मेंढ्या उरल्या आणि बिडी नावाची कुत्री. अख्ख्या जिल्ह्यात बिडीच्या तोडीचं जनावर नव्हतं, पण ती नॅरेलचं ऐकेल तर शपथ! बाबांसारखी ओठ मुडपून शिट्टी घालता घालता नॅरेलचे ओठ फुटले. बिडी जांभई द्यायची.

"चांगली कुत्री बसून कुजतेय गं," शेजारचा डेस हॅनरहन म्हणायचा. तो बिडीला उद्या न्यायला येणार होता. नॅरेलनं हो म्हटलं होतं, पण बिडी गेली की बाबा दुसऱ्यांदा जाणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

अंधार झाला. पडद्यावर लाल माती आली, मेंढ्या आल्या आणि मग वाकडी टोपी घातलेले क्लॅरी.

"अरे, पोट बघा म्हाताऱ्याचं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

तेवढ्यात क्लॅरींनी शिट्टी घातली.

नॅरेलच्या पायाशी पेंगणारी बिडी ताडकन उठली. शेडमध्ये मेंढ्या नव्हत्या, म्हणून तिनं जे होतं त्यावर भागवलं. मागच्या रांगेला वळसा घालून तिनं पहिल्यांदा सरपंचबाईंना उठवलं. क्लॅरींची दुसरी शिट्टी झाली, तशी डावीकडची मंडळी उजवीकडे आली. जो रेंगाळला त्याच्या टाचेला नाक लागलं. बघता बघता अख्खं गाव केकच्या ताटांसकट कातरायच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्यात, आणि बिडी दारात नजर रोखून उभी.

"हिला आवरा कुणीतरी!" सरपंचबाई किंचाळल्या.

"मला आधी कातरू नका," डेस म्हणाला, "टक्कल आहे मला!"

हसून हसून लोकांची पोटं दुखायला आली. कुणी पाय बाहेर टाकला की बिडी खाली वाकून पुढे सरके. नॅरेलनं ओठ मुडपून शिट्टी घातली. बिडीनं कानसुद्धा हलवला नाही.

फिल्म चालूच होती. फिलिपानं कॅमेरा लांब ठेवला होता, पण क्लॅरींच्या कॉलरला अडकवलेला माईक तसाच होता, आणि ते विसरले होते. दूर पाण्याच्या टाकीशी ते कुणाशी तरी बोलत होते. आवाज अगदी कानाशी आला.

"ही बिडी आहे ना, हिला मी दोन्ही शिट्ट्या शिकवल्यात. माझी आणि नॅरेलची, ती लहानपणी दोन बोटं तोंडात घालून घालायची ती. माझ्या शिट्टीपेक्षा तिचीच बरी ऐकते. माझ्यामागं कुरण पोरीनंच बघायचं. तिच्यासारखा हात कुणाचा नाही. तिला सांगू नकोस मात्र, डोक्यावर बसेल."

"नाही सांगत," दुसरा आवाज म्हणाला. तो डेसचा होता.

कोंडवाड्यातल्या सगळ्या माना डेसकडे वळल्या.

"डेस, चोरा!" सरपंचबाई म्हणाल्या.

"शब्द दिला होता मी!" डेस लालेलाल झाला. "आणि... कुत्रीही फार चांगली आहे हो."

नॅरेलला हसू आणि रडू एकदमच आलं. जन्मात ज्या माणसाच्या तोंडून शाबासकी निघाली नाही, ते आता गावादेखत बोलले होते. आणि ती मात्र इतके महिने त्यांची नक्कल करत बसली होती!

तिनं दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी पहिल्यांदा फुसकी निघाली. दुसरी छपराच्या पत्र्यावर आदळली.

बिडी जागच्या जागी आडवी झाली आणि मान वळवून नॅरेलकडे बघू लागली, पुढचं काय ते सांग म्हणून.

"उद्या किती वाजता येऊ मी?" डेसनं हळूच विचारलं.

"पहाटेच ये," नॅरेल डोळे पुसत म्हणाली. "मेंढ्या वरच्या कुरणात न्यायच्यात. फाटकं उघडायला माणूस लागेल."