पाटीवरचं कूळ

"हे मूळ मेक्सिकोचं," राधाताई झाडाच्या खोडावर हात ठेवून म्हणाल्या. "दालचिनी, तमालपत्र ही याची भावकी. म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातलीच मंडळी."

हडपसरच्या त्या सोसायटीची बाग राधाताईच बघत. तिथल्या झाडांच्या पाट्या नागोराव तायडे रंगवत, आणि या अ‍ॅव्होकॅडोची पाटी अजून व्हायची होती. पण आज ते पाटीसाठी आले नव्हते. त्यांची मुलगी अपेक्षा आणि राधाताईंचा मुलगा तेजस एकाच ऑफिसात होते. दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं, आता थोरांनी ठरवायचं होतं. ठरलेलं पुन्हा ठरवण्याची आपल्याला जुनी हौस.

झाड मेक्सिकोतून श्रीलंकेमार्गे दक्षिणेत कसं आलं, कोडगू-निलगिरीत कसं रुजलं, मग जवळच्या मांजरी गावातल्या नर्सरीतून त्याचं कलम इथे कसं आणलं, हे राधाताईंनी कौतुकाने सांगितलं. नागोरावांना बरं वाटलं. इतक्या लांबच्याला घरचं मानणारी बाई आपल्या पोरीला का नाही मानणार?

वर घरात चहा घेताना राधाताईंनी विचारलं, "तायड्यांत पाटीलही असतात ना हो? आपण कोणते?"

नागोरावांनी कप खाली ठेवला. "आम्ही अकोल्याकडले. बौद्ध."

"असं होय," म्हणत राधाताईंनी बिस्किटांची बशी उगाच पुढे सरकवली. तेजस मोबाइलमध्ये बघत राहिला. निघताना त्या "कळवते" म्हणाल्या. पुण्यात याचा अर्थ काय होतो, हे नागोरावांना माहीत होतं. तरी फोन वाजला की ते रंगाचे हात पुसत धावत.

शेवटी राधाताईंचा फोन आला.

"काय म्हणाल्या?" अपेक्षाने विचारलं.

"पाटी कधी लावताय, म्हणाल्या."

त्यांनी पाटी पुरी केली. नाव अ‍ॅव्होकॅडो, कूळ लॉरेसी, मूळस्थान मेक्सिको. आजवर कितीतरी झाडांचं कूळ त्यांनी रंगवलं होतं, पण त्या शब्दाची अशी चीड कधी आली नव्हती.

रविवारी नको म्हटलं तरी अपेक्षा बरोबर आली. तिने पाटी खोडाशी सरळ धरली. नागोराव तार आवळू लागले, जरा जास्तच. वर गॅलरीत तेजस उभा होता. तो खाली आला नाही.

अपेक्षाने एकदाच वर पाहिलं.

"तार सैल ठेवा, बाबा," ती म्हणाली. "त्याला अजून वाढायचंय."

नागोरावांनी तारेचा एक पीळ सोडवला.