वालात गेला की आउट

"तेवढं नाय जमणार, वाल्मिक," लॅपटॉपवरून मान न उचलता मितेश म्हणाला. "चेंडू वालात गेला का आउट, हे गेमला शिकवता येत नाय."

"का? जर्सी केलीस, आपल्या पोरांची नावं टाकलीस, आपल्या शेणवे गावातलं शेत आणलंस."

"ती वरची चित्रं रे. नियम आत इंजिनात असतात, त्याला कंपनीचं कुलूप. एसटीला रंग दिला म्हणून बॉनेट उघडता येतंय का?"

भातकापणी झाली की आमचं मैदान तयार व्हायचं. त्याला लागूनच गोमाकाकांचं वालाच्या शेंगांचं शेत. चेंडू त्यात पडला, मग षटकार का असेना, बॅट्समन आउट. या अटीवरच काका खेळू द्यायचे. मी जितका त्या वालात आउट झालो, तितका बोल्डही झालो नसेन.

मग आंब्यावरून पडलो आणि चाकाच्या खुर्चीत आलो. मितेशनं भातसानगरची नोकरी सांभाळून माझ्यासाठी हा गेम बदलला. त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. पण पडल्यापासून सगळेच माझ्याशी फार गोड वागायला लागले. पत्त्यांत हरवत नाहीत, चिडवत नाहीत. या लाडांचा मला वीट आला होता. निदान गेमनं तरी माझी गय करू नये, म्हणून मला तो नियम हवा होता.

रविवारी मुरबाडहून ओमकार, आमच्या मैदानावरचा जुना गडी, खेळायला आला. शेवटचा चेंडू, मला चार हवे होते. मी मारला तो उंच गेला आणि थेट वालात पडला. पडद्यावर षटकार झळकला.

"जिंकलास की," ओमकार हसून म्हणाला. चेंडू कुठं पडला ते त्यानं पाहिलं होतं. मितेशनंही पाहिलं होतं. पण आउट कुणीच दिलं नाही, आणि मला ती जीत अगदी अळणी लागली.

गोमाकाका शेंगा द्यायला आले होते, ते दारातच टेकले होते.

"आउट," ते म्हणाले.

"काका, गेममधी तो नियम नाय टाकता आला," मितेश म्हणाला.

"शेत माझंच हाय ना त्यात?"

"तुमचंच."

"मंग? वालात गेला का आउट."

"जाऊ द्या ना काका," ओमकार हळूच म्हणाला. "त्याला आता..."

"त्याला काय झालंय? पायावर उभा व्हता तवा सोडला नाय, आता कशापायी सोडू? चल रे, मैदान सोड."

मला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. काकांच्या पाया पडावंसं वाटलं. पण आउट झालेला बॅट्समन पाया पडत नसतो, तो भांडतो. म्हणून मीही रीतसर भांडलो.

"काका, बांधावर पडला व्हता."

"वाद घालू नको. शेंगा मोडल्या माझ्या."

पडद्यावर माझा खेळाडू कप उंचावून नाचत होता. मी गेमचा रिमोट बॅटसारखा काखेत मारला, खुर्ची वळवली. काकांनी पाय आखडून वाट दिली. मी मान खाली घालून ओट्यावर गेलो. ढकलायला कुणी आलं नाही.