आमची एकशेसत्तावीस

सून वाद घालायला उभी राहिली की सासरे म्हणायचे, "आली आमची एकशेसत्तावीस!" आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. एका दमात आपण किती शब्द बोलतो ते मोजून टोमणा मारतात, असंच तिला वाटे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ते मनात सलत होतंच.

हात थरथरायला लागल्यावर सासऱ्यांनी आपलं लेथ, लोखंड कातायचं यंत्र, तिच्या हवाली केलं. काम त्यांनीच शिकवलेलं. नवऱ्याला मात्र हे पटलं नव्हतं. "पहिल्याच कामात नाचक्की झाली, तर मशीन विकून टाकू," असं त्यानं बजावून ठेवलं होतं. ते पहिलं काम म्हणजे शेजारच्या पुस्तक-बाइंडरच्या प्रेसचा मोडलेला स्क्रू. त्याचे आटे मिलिमीटरचे आणि लेथ जुनं, इंचाचं. पाच इंच म्हणजे एकशेसत्तावीस मिलिमीटर, म्हणून इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला तितक्याच दात्यांचं चाक जोडायला हवं. ते फळीवर नव्हतं.

"एका दात्यानं काय आभाळ कोसळतंय!" म्हणत तिनं एकशेसव्वीसचा हिशेब धरला. तो आकडा भलताच गरीब. दोनानं फोडा, सातानं फोडा, छोट्या चाकांच्या जोडीत मुकाट बसतो. स्क्रू झाला चकचकीत, पण प्रेसचा लांब नट निम्मा चढला आणि जो रुतला तो रुतलाच.

मग तिनं एकशेसत्तावीसच फोडायला घेतला. दोनानं जाईना. तीनानं एक उरला, पाचानं दोन, सातानं पुन्हा एक, अकरानं सहा. पुढे बघण्यात अर्थ नव्हता, तेराचा वर्गच मुळी एकशेएकोणसत्तर. शाळेतली मूळ संख्या अशी आडवी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

अभिमान गिळून ती सासऱ्यांच्या खाटेशी गेली. "बाबा, हा आकडा फुटतच नाही हो. आणि त्याच्या जागी दुसरं काही चालतही नाही."

"म्हणून तर तुला ते नाव ठेवलं," सासरे म्हणाले. "तुला काय वाटलं होतं?"

काय वाटलं होतं ते तिनं सांगितलं. सासरे ठसका लागेपर्यंत हसले. सासूबाई धावत पाणी घेऊन आल्या.

"आई, मोठं दात्यांचं चाक कुठं पाहिलंत का?"

"ते? माझ्या पिंपाच्या झाकणावर आहे की. झाकण वाऱ्यानं उडतं मेलं!"

चाक पुसून बसवलं, नवा स्क्रू कापला. नट एका बोटानं फिरवला, तो शेवटपर्यंत गेला. नवरा उठला आणि पिंपासाठी बाहेरून दगड घेऊन आला.

ती यंत्रापाशीच थांबली. इतक्या वर्षांचं कौतुक टोमणा समजून बाजूला टाकलं होतं. ते सगळं आज एकदम पदरात पडलं, आणि तिला भरून आलं.

"कोण आहे तिकडं?" आतून सासऱ्यांनी विचारलं.

तिनं डोळे पुसले. "मी, बाबा. तुमची एकशेसत्तावीस."