केरबाची चुंबळ

“पाय हलवू नगासा! सुई मोडंल आत,” अंबूबाई नवऱ्यावर खेकसली.

केरबाचा पाय तिच्या मांडीवर होता. टाच अशी तडकलेली, की काटा कुठला आणि भेग कुठली हे उन्हात धरूनच कळायचं. दारात कोवळं ऊन आलं होतं, पण ओढ्यावरचं धुकं अजून हटलं नव्हतं. केरबाचं लक्ष काट्याकडं नव्हतंच. तो चावडीकडं कान लावून बसला होता.

“हाक आली म्हंजी?”

“आली तर आली. काल कृष्णातानं काय वाचलं? झोपला हुतासा काय?”

कृष्णात याच महारवाड्यातला. कोल्हापुरात शिकला आणि गावचा तलाठी होऊन परतला. कुलकर्ण्यांच्या पिढ्या ज्या जाजमावर बसल्या, त्याच जाजमावर बसून त्यानं काल महाराजांचा हुकूम वाचला. महारकीचं वतन मोडलं. जमीन ज्याच्या त्याच्या नावावर. यापुढं फुकटची राबणूक नाही. केरबा नेहमीसारखा पायरीखाली उभा होता. कृष्णात म्हणाला, “वर या की, तात्या.” केरबाचे पाय उचलले नाहीत.

वतन म्हणे! खडकाळ जमिनीची एक पट्टी, तीही साऱ्या भावकीत, आणि तिच्या बदल्यात माणूस जन्मभर गावाचा बैल. साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, पाहुण्यांची बोचकी वाहायची, कुणी मेलं की गावोगाव सांगावा न्यायचा. याला मान म्हणणाऱ्यांनी एकदा ते बोचकं घेऊन नेसरीचा चढ चढून बघावा. केरबाची आई अंथरुणात घरघरत होती, त्याच दिवशी हंबीरराव पाटलांचे चुलते वारले. केरबाला नेसरीला पिटाळलं. तो परतला तेव्हा आई मातीआड झाली होती. साऱ्या गावाची मरणं त्यानं दारोदार पोचवली. त्याच्या आईचं मरण सांगायला त्याच्या वाटेवर कुणी आलं नाही.

तेव्हापासून झोपेत त्याचे पाय पळत. घोंगड्याखाली टाचा फरफटत. अंबूबाई उठून ते दोन्ही हातांनी दाबून धरी, बुजलेल्या वासराचे धरावेत तसे.

“केरबाऽऽ!”

हाक धुक्यातून आली. पाय मांडीवरून निसटला. अंबूबाईनं तो घोट्याशी पकडला आणि परत ओढला. दुसरी हाक आली. तिसरी आली. मग धुक्यातून हंबीरराव पाटील स्वतःच महारवाड्याच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. मागं त्यांचे मेव्हणे, बोचकं छातीशी धरलेले. पाटील इथवर चालत आल्याचं अंबूबाईनं आजवर पाहिलं नव्हतं.

“कान फुटलं काय रं? पावणं खोळंबल्यात. उचल बोचकं, नेसरी गाठायची हाय.”

“काटा काढतूय, पाटील.”

“मागनं काढ की काटा!”

“काल हुकूम वाचला तवा तुमीबी हुतासा न्हवं, पाटील?” अंबूबाई म्हणाली. “का कान तुमचंच फुटल्यात?”

“तू गप गं! केरबा, तुजा बा माज्या बाच्या एका हाकंला...”

“माजा बा मेला, पाटील.” केरबाचा आवाज झोपेत बोलल्यासारखा होता, सावकाश, लांबून आलेला. “त्याचा सांगावा तुमाला मीच आणलाता. आई मेली, त्यो सांगावा मला कुणी आणला न्हाय. मी न्हाय येत.”

मेव्हण्यांनी ओशाळून बोचकं स्वतःच डोक्यावर घेतलं. ते घसरलं. पुन्हा घेतलं, पुन्हा घसरलं.

“तसं न्हवं, पावणं. मान धरंल.” केरबा लंगडत उठला. खुंटीवरची चुंबळ त्यानं पुढं केली. डोकं आणि ओझं यांच्यामध्ये ठेवायचं फडक्याचं ते कडं घामानं काळं पडलं होतं. मेव्हण्यांचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. त्यांनी पाटलांकडं पाहिलं. केरबानं चुंबळ जमिनीवर ठेवली, चार पावलं मागं सरला. तरी कुणी वाकलं नाही. पाटील मागं वळले. पाहुणा नुसत्या डोक्यावर बोचकं सावरत त्यांच्यामागं गेला आणि धुक्यानं दोघांना गिळलं.

“इतकी सालं ह्यांची बोचकी आमी वाहिली, ती न्हाय इटाळली,” अंबूबाई थुंकली. “चुंबळ तेवढी इटाळली!”

केरबानं चुंबळ उचलून झटकली आणि पाय पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला. काटा निघाला.

दुपारी तो लिंबाखाली आडवा झाला, चुंबळ उशाला घेऊन. असं दिवसाचं निजणं त्याला ठाऊकच नव्हतं. डोळा लागला तसा तो नेसरीच्या वाटेला लागला, पण तोंड गावाकडं होतं आणि डोकं हलकं होतं. वाटेवर दुधासारखं धुकं, आणि पलीकडं घराच्या दारात आई बसलेली. ती हाक मारत नव्हती. नुसती वाट बघत होती.

लिंबाखाली त्याचे पाय हलू लागले. अंबूबाईनं सवयीनं हात पुढं केले. पण पाय पळत नव्हते. एकामागून एक, सावकाश, चालत होते.

तिनं हात मागं घेतले. चालू दिले.