फळीवरची जागा

खांद्यावर हात काही पडेना. फिदेन्सियाचा डावा गुडघा मघापासून कुरकुरत होता, तरी तिच्या टाचा नाचाच्या पोकळ फळीवर पडतच होत्या. सहा जराना, म्हणजे छोट्या गिटारी, आणि एक हार्प वाजत होती, आणि बायका फळीवर आहेत तोवर वाजवणारे थांबणार नव्हते. रीतच होती तशी. नाचणारीने आपण होऊन उतरायचं नाही. दुसरीने वर चढून खांद्याला हात लावायचा, मग पहिलीने मुकाट्याने जागा सोडायची. आपण होऊन उतरेल तिचं पाऊल विझतं, असं जुन्या बायका म्हणत.

कंदेलारियाच्या सणाची दुपार कलत आली होती. नदीवरून ओलसर वारा येत होता. फळीभोवती बंदराच्या शहरातून आलेल्या आठ-दहा पोरी उभ्या होत्या. वर्गात जाऊन नाच शिकलेल्या, गुणी पोरी. समोरच्या बाजूला त्या आळीपाळीने एकमेकींना उतरवत होत्या. फिदेन्सियाच्या बाजूला मात्र कोणी फिरकेना. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हात लावून उतरवायचं म्हणजे अपमानच की, असं त्यांना वाटत होतं. त्या मोबाइल उंच धरून तिला टिपत होत्या. मान राखता राखता म्हातारीचा जीव जायची वेळ आली होती.

चाळीस वर्षं हा हात ओब्दुलियाचा होता. दोघींचं नातं विळ्याभोपळ्याचं. बाजारात बोलायच्या नाहीत, पण फळीवर ओब्दुलिया अनवाणी चढायची, खांद्याला बारीक चिमटा काढायची आणि कानाशी म्हणायची, "उतर गं, फळीला भोक पाडशील." गेल्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या मयताला फिदेन्सिया रडली नव्हती. आज मात्र तिला ती फार हवी होती.

थकवा एका हद्दीपलीकडे गेला की अंग हलकं होतं. फिदेन्सियाचं तसंच झालं. टाचांखाली झावळ्यांच्या छपरावरचा पाऊस वाजू लागला, मग धक्क्याला आपटणारी होडी, मग ओल्या चादरींचा धपधप आवाज. दवाखान्याच्या चादरी धुण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. ती वर्षंही फळी सांगत होती. आणि या सगळ्याच्या मागून, किंचित उशिरा पडणारी एक टाच ऐकू येत होती. बोथट, अनवाणी. ओब्दुलियाची.

तिने डोळे उघडले. आवाज फळीवरून येत नव्हता. पलीकडे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तामालांच्या पातेल्यामागे ओब्दुलियाची सून बसली होती. एर्लिंदा. वयाने पंचेचाळिशीची. टेबलाखाली तिच्या चपला पडल्या होत्या आणि उघड्या टाचा मातीवर चालल्या होत्या, हुबेहूब सासूसारख्या, अर्धा ठोका मागे. लग्नाच्या दिवशीच सासूने सगळ्यांसमोर म्हटलं होतं की, हिचे पाय म्हणजे चिखलात रुतलेले बैल. त्यानंतर बावीस वर्षांत एर्लिंदा फळीवर चढली नव्हती.

ओब्दुलियाचं पाऊल तिथे टेबलाखाली होतं, आणि हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. हाक मारून बोलावणं रीतीत बसत नाही. पण गाण्यातून डिवचायला कोणाची बंदी नव्हती. फिदेन्सियाने दम गोळा केला आणि फाटक्या आवाजात ओळ टाकली:

"वाफ दाटली पातेल्यात, झाकण किती दाबशील गं,
सासूबाईंचं पाऊल असं टेबलाखाली लपवशील गं?"

म्हाताऱ्या कास्तुलोने जराना न थांबवता ती ओळ झेलली आणि पुन्हा गायली. लोकांनी माना वळवल्या. एर्लिंदाच्या टाचा थांबल्या. चोरी पकडली गेल्यासारखी ती लालबुंद झाली, पातेल्याकडे बघत राहिली. ती येणार नाही, असं फिदेन्सियाला वाटलं आणि तिचा गुडघा लटकन वाकला.

तेवढ्यात फळी हलली. खांद्यावर हात पडला. ओला, गरम, मक्याच्या पिठाचा.

"उतरा, मावशी," एर्लिंदा कानाशी म्हणाली. "फळीला भोक पाडाल."

फिदेन्सिया उतरली. तिच्या मागे बोथट टाच वाजू लागली, आधी बिचकत, मग अर्धा ठोका मागे राहून, ठाम. कास्तुलोने डोळे मिटून घेतले. पोरींनी मोबाइल खाली केले.

जागेच्या बदल्यात जागा. फिदेन्सिया लंगडत पातेल्यामागे जाऊन बसली. एका पोरीला तिने केळीच्या पानातला तामाल उघडून दिला. पोर म्हणाली, "आजी, तुमच्या खांद्याला पीठ लागलंय."

"असू दे."

टेबलाखाली चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या. फिदेन्सियाने वाकून त्या शेजारी शेजारी नीट लावून ठेवल्या. एर्लिंदाला त्या इतक्यात लागणार नव्हत्या.