पियुषचं जाऊळ

मशीन घुरघुरलं तसा पाच वर्षांचा पियुष मामाच्या मांडीवरून निसटला आणि कानांवर हात दाबून ओसरीतल्या कापसाच्या ढिगाआड जाऊन बसला.

"पाह्य," आजोबा वामनराव सुनेला, निकिताला म्हणाले, "यवतमाळच्या इतक्या चकरा केल्या. झाला फरक? जाऊळ राह्यलं म्हनून पोरगं बोलत नाही. आज नाही झालं, तर यवतमाळ बंद. दिग्रसच्या जडीबुटीवाल्याले दाखवू."

पियुषला ऑटिझम आहे, तो शिकेल पण त्याच्या चालीनं, आणि औषधानं बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारी जाऊ नका, असं यवतमाळच्या थेरपीच्या पायल मॅडमनी निकिताला बजावलं होतं. पण वामनरावांचा शब्द घरात शेवटचा. तो फिरवायचा मानही त्यांचाच.

"मॅडम म्हनतात, नवीन काही करायचं तर आधी दुसऱ्यावर करून दाखवा," ती कशीबशी म्हणाली. "त्याले पाहू द्या, बाबा."

"मंग माहं डोस्कं भादरा," तिचा भाऊ रजत म्हणाला.

वामनराव उखडलेच.

"तुहा बाप जिता हाय ना? असा घरी गेला, तर तुही माय काय समजंल?"

बाप गेल्याशिवाय मुलानं डोकं भादरायचं नसतं, हे रजतला काय ठाऊक नव्हतं? तो ओशाळून मागे सरला. न्हावी उगाच मशीन पुसत राहिला.

वामनराव बराच वेळ त्या ढिगाकडे पाहत होते. मग त्यांनी टोपी काढली आणि स्वतःच पाटावर बसले.

"माह्या बापाले जाऊन लई वर्सं झाले," ते न्हाव्याला म्हणाले. "चालव. हळू चालवजो पन."

पांढरे केस पडू लागले. ढिगाआडून पियुष डोकावला. एका कानावरचा हात सुटला, मग दुसऱ्यावरचा. सगळं डोकं भादरून झाल्यावर तो आला, आजोबांच्या टाळूवर तळवा फिरवत राहिला. मग त्यानं न्हाव्याचं मनगट धरून मशीन आपल्या कपाळाशी नेलं.

मांडीवर तो बसलाच नाही, उभाच राहिला. कुणी हरकत घेतली नाही. निकिताला इतकं हलकं वाटलं की ती सगळ्यांदेखत रडली.

शेजारच्या बेबीताई फाटकातून आत आल्या आणि वामनरावांचं डोकं पाहून जागीच थबकल्या.

"कोन गेलं जी, भाऊ?"

"कोनी नाही गेलं," वामनराव म्हणाले आणि सुनेकडे वळले. "सोमवारची एसटी किती वाजता हाय? मी बी येतो. मॅडमले इचारू, आनखी काय काय करून दाखवा लागते."